सार्वजनिक सेवेसाठी भागीदारी: करार करण्याआधी, करताना आणि तो संपताना

हातपंप बसवायला फार तर आठवडा लागतो. बोअर घेतली, पाइप सोडले, ओटा बांधला, पाटी लावली, फोटो काढले. वर्ष-दोन वर्षांनी आतला वॉशर झिजतो. वॉशर किरकोळ किमतीचा असतो, पण तो आणायचा कोणी, बसवायचा कोणी आणि पैसे कोणाच्या खिशातून जायचे हे कुठेच लिहिलेलं नसतं. मग पंप महिना महिना बंद. सहाराच्या दक्षिणेकडच्या आफ्रिकेत कुठल्याही दिवशी साधारण एक तृतीयांश हातपंप बंद असतात, असा अंदाज २००९ च्या सुमारास ग्रामीण पाणीपुरवठ्यात काम करणाऱ्यांनी मांडला होता. यातले कितीतरी पंप कुठल्या ना कुठल्या भागीदारीतूनच बसलेले.

केनियातल्या क्युसो भागात ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी पंपाच्या दांड्यात एक छोटा ट्रान्समीटर बसवून पाहिला. दांडा किती हलला याची नोंद मोबाइल नेटवर्कवरून जायची. हालचाल थांबली की दुरुस्तीवाला निघायचा. आधी दुरुस्तीला सरासरी २७ दिवस लागत, ते तीन दिवसांच्या आत आले. कौतुक ट्रान्समीटरचं झालं. मला त्यातली दुसरी बाजू जास्त महत्त्वाची वाटते: दुरुस्तीसाठी माणसं नेमलेली होती, त्यांच्या हाताशी सुटे भाग होते आणि पंप बंद पडला की धावायचं कोणी हे आधीच ठरलेलं होतं. ट्रान्समीटर नुसता ओरडतो. धावणारा माणूस लागतोच.

विकसनशील देशांत पाणी, आरोग्य, शाळा, स्वच्छता, वाहतूक या सेवा सुधारायच्या म्हटलं की भागीदारीचा विषय निघतो. एका बाजूला सरकारी खातं किंवा पालिका; दुसऱ्या बाजूला खासगी कंपनी, स्वयंसेवी संस्था, देणगीदार, परदेशी यंत्रणा, कधी वस्तीतली माणसंच. हा लेख अशी भागीदारी प्रत्यक्ष जमवणाऱ्यांसाठी आहे. टेबलाच्या कुठल्याही बाजूला बसत असाल तरी चालेल. माझी सगळी मांडणी एका अनुभवातून येते: भागीदारी संपेल तेव्हा सरकारी बाजू आधीपेक्षा सक्षम झालेली नसेल, तर मधल्या काळात सेवा कितीही चांगली चालली तरी ते भाड्याने आणलेलं इंजिन असतं. म्हणून पुढची प्रत्येक पायरी लिहिताना शेवटचा दिवस डोळ्यांसमोर ठेवला आहे.

पहिली पायरी: दुखणं नेमकं कुठे आहे ते पायी फिरून शोधा

बहुतेक प्रस्ताव "सेवेची गुणवत्ता खालावली आहे" अशा वाक्याने सुरू होतात. या वाक्यावर कुठलाही करार बेतता येत नाही. नळाला पाणी येत नाही, याची कारणं दहा असू शकतात: मुळात पाणीच कमी, पंप जुना, जलवाहिनी फुटलेली, मधल्या मध्ये चोरी, वीजबिल थकलेलं, व्हॉल्व्ह फिरवणारा कर्मचारी निवृत्त झाल्यावर जागा भरलेलीच नाही. प्रत्येक कारणाला वेगळा भागीदार लागतो आणि काही कारणांना तर लागतच नाही.

युगांडाचं उदाहरण या क्षेत्रात वारंवार दिलं जातं, आणि ते तसं द्यावं असंच आहे. १९९१ ते १९९५ या काळात सरकार प्राथमिक शाळांना विद्यार्थीसंख्येनुसार अनुदान देत होतं. कागदावर पैसे सुटत होते. संशोधकांनी शाळाशाळांत जाऊन तपासलं तेव्हा अनुदानातले सरासरी फक्त १३ टक्के पैसे शाळेपर्यंत पोहोचत असल्याचं दिसलं. बाकीचे जिल्हा पातळीवर मुरत होते. अशा वेळी "शिक्षणाचा दर्जा वाढवण्यासाठी" एखाद्या संस्थेशी करार करून काय हशील? सरकारने कोणत्या जिल्ह्याला किती रक्कम सोडली हे वृत्तपत्रांत छापायला सुरुवात केली, शाळांच्या दारांवर लावायला सांगितलं. २००१ पर्यंत पोहोचणाऱ्या पैशाचं प्रमाण ८० टक्क्यांच्या पुढे गेलं. त्यात छापील यादीचा वाटा किती आणि इतर सुधारणांचा किती यावर अभ्यासकांचा वाद आहे, पण गळती नेमकी कुठे होती ते आधी कळलं म्हणूनच इलाज सुचला.

करायचं काय? दोन माणसं निवडा, एक खात्यातलं आणि एक बाहेरचं. त्यांनी सेवेचा माग घ्यायचा: औषध असेल तर मध्यवर्ती भांडारापासून रुग्णाच्या हातापर्यंत, पाणी असेल तर उद्भवापासून शेवटच्या तोटीपर्यंत. प्रत्येक ठिकाणी तीनच प्रश्न. इथे वस्तू किंवा काम किती वेळ अडतं? ते पुढे सरकवायला कोणाची सही लागते? ती व्यक्ती आज जागेवर आहे का? साहेबांच्या केबिनपेक्षा खिडकीवरच्या लिपिकाला जास्त वेळ द्या, आणि त्याच्याकडचं आवक-जावक रजिस्टर मागा. अहवालात न सापडणाऱ्या तारखा तिथे सापडतात.

दुसरी पायरी: भागीदार लागतोच का, हा प्रश्न आधी निकाली काढा

हा प्रश्न विचारला की बैठकीत शांतता पसरते, कारण निधी बहुधा भागीदारीच्या नावानेच मंजूर झालेला असतो. तरी विचाराच.

कंबोडियाची राजधानी नॉम पेन्ह. १९९३ साली तिथे यंत्रणेत सोडलेल्या पाण्यापैकी ७२ टक्के पाण्याचा एक पैसाही वसूल होत नव्हता. गळती, चोरी, खोटी मीटर-वाचनं, आणि कर्मचारीच बेकायदा जोडण्या विकणारे. त्याच वर्षी एक सोन चान (‘एक’ हा नावाचाच भाग) हे अभियंते पाणीपुरवठा प्राधिकरणाचे प्रमुख झाले. त्यांनी ग्राहकांची यादी घरोघर जाऊन नव्याने केली, सगळ्यांना मीटर लावले, लाच घेणाऱ्यांना काढलं आणि काम करणाऱ्यांना बढती-बक्षिसं दिली. एका बड्या लष्करी अधिकाऱ्याच्या घरची थकबाकी आणि मीटरचा प्रश्न सोडवायला ते स्वतः गेले तेव्हा त्यांच्या डोक्याला बंदूक लावली गेली. दीड दशकात पाण्याचा तो तोटा ६ टक्क्यांच्या आसपास आला आणि शहराला चोवीस तास पाणी मिळू लागलं.

यात भागीदार होते, भरपूर होते. जपान, फ्रान्स, वर्ल्ड बँक, आशियाई विकास बँक यांचे पैसे आणि तांत्रिक मदत होती. जपानमधल्या किताक्युशू शहराच्या पाणी विभागाचे तज्ज्ञ १९९९ पासून तिथे जाऊन पाण्याचा दाब आणि प्रवाह यावर दुरून नजर ठेवण्याची पद्धत शिकवत होते. पण चोरांना काढायचं काम कोणा सल्लागाराला दिलेलं नव्हतं. ते घरातलं काम होतं, घरच्यांनीच केलं. १९९६ मध्ये सरकारने प्राधिकरणाला स्वायत्तता दिली, म्हणजे वसूल झालेला पैसा तिथेच वापरता येऊ लागला. ही तर एका आदेशाची गोष्ट.

तेव्हा पहिल्या पायरीत सापडलेल्या दुखण्यांची यादी समोर घ्या आणि प्रत्येकापुढे लिहा: आपल्या अधिकारात आजच सुटेल, वरच्या आदेशाने सुटेल, बाहेरचं कौशल्य लागेल, बाहेरचा पैसा लागेल. शेवटच्या दोन रकान्यांत उरेल तेवढ्यापुरतीच भागीदारी मागा. राजकीय धैर्य हा निविदा काढून मिळणारा माल नाही.

तिसरी पायरी: भागीदार निवडताना त्याचा स्वार्थ समजून घ्या

स्वार्थ हा शब्द वाईट अर्थाने घेऊ नका. प्रत्येकाला काहीतरी हवं असतं आणि ते उघड बोललेलं बरं. कंपनीला नफा हवा, आणि त्याहून जास्त म्हणजे वेळेवर मिळणारा नफा. देणगीदाराला आर्थिक वर्षाच्या आत खर्च आणि दाखवता येण्याजोगा आकडा हवा. स्वयंसेवी संस्थेला कामाचं समाधान हवं असतं, पण कार्यालयाचं भाडं आणि पगारही हवे असतात. विद्यापीठाला शोधनिबंध. राजकीय नेतृत्वाला निवडणुकीआधी उद्घाटन. हे सगळं मान्य करून एकत्र बसता येतं. गडबड होते ती "आम्ही केवळ सेवाभावाने आलो आहोत" असं म्हणणाऱ्यापाशी. त्याला नेमकं काय हवंय हे शेवटपर्यंत कळत नाही.

दोन प्रकारचे भागीदार मला कायम दुर्लक्षित वाटत आले आहेत. पहिला म्हणजे दुसरी सरकारी यंत्रणाच: एका शहराच्या पाणी विभागाने दुसऱ्या शहराच्या पाणी विभागाला नफा न घेता शिकवणं. किताक्युशू आणि नॉम पेन्ह यांचं नातं असंच. संयुक्त राष्ट्रांच्या अधिवास कार्यक्रमाच्या आश्रयाने २००९ पासून पाणी यंत्रणांच्या अशा जोड्या जुळवण्याचं एक जागतिक जाळंही चालतं. व्हॉल्व्हवाला व्हॉल्व्हवाल्याशी बोलतो तेव्हा सल्लागाराच्या सादरीकरणात न येणाऱ्या गोष्टी निघतात.

दुसरा भागीदार म्हणजे सेवा वापरणारी माणसं. कराचीतल्या ओरंगी वस्तीत १९८० साली अख्तर हमीद खान यांनी काम सुरू केलं तेव्हा गल्ल्यांमधून उघडं सांडपाणी वाहत होतं. सरकारने संपूर्ण गटारयोजना बांधून द्यावी तर पैसा नाही, आणि लोकांनी सगळं करावं तर मुख्य नाला ओढायची कुवत नाही. मग कामाचे दोन भाग पाडले. घरातलं शौचालय, गल्लीतलं गटार आणि त्याला जोडणारी छोटी वाहिनी हे लोकांनी स्वतःच्या पैशाने, स्वतःच्या देखरेखीखाली करायचं. मोठे नाले आणि सांडपाण्यावरची प्रक्रिया सरकारने करायची. गल्ली हे एकक धरलं, म्हणजे साधारण वीस-तीस घरं. गल्लीने आपला प्रमुख निवडायचा, वर्गणी गोळा करायची. संस्थेने नकाशा, अंदाजपत्रक आणि हत्यारं द्यायची, पैसे द्यायचे नाहीत. ठेकेदार आणि मधले लोक गेल्याने खर्च सरकारी दराच्या कितीतरी खाली आला. पुढे तिथल्या तरुणांनी वस्त्यांचे आणि नाल्यांचे नकाशे काढले आणि सरकारी यंत्रणेलाच ते उपयोगी पडले, कारण तिच्याकडे ते नव्हते.

यातून शिकायचं ते गटारांबद्दल नाही. कामाचा सांधा कुठे आहे ते शोधायचं: जिथून एका बाजूला लोकांची कुवत पुरते आणि दुसऱ्या बाजूला सरकारशिवाय चालत नाही. सांधा चुकीच्या जागी पाडला की "लोकसहभाग" म्हणजे गरिबांकडून फुकट मजुरी करून घेणं होतं.

चौथी पायरी: कराराचा साचा

इथे बरेच जण वकिलावर सगळं सोडून मोकळे होतात. वकील हवाच, पण चार प्रश्नांची उत्तरं तुम्ही त्याला द्यायची असतात. मालमत्ता कोणाच्या नावावर? नवी गुंतवणूक कोण करणार? लोकांकडून पैसे कोण गोळा करणार? आणि अंदाज चुकला तर झळ कोणाला?

या चार उत्तरांच्या जुळणीतून साचे तयार होतात. फक्त व्यवस्थापनाचा करार असेल तर भागीदार ठरलेली फी घेऊन कारभार पाहतो आणि जोखीम सरकारकडे राहते. सवलत (कन्सेशन) करारात भागीदार पंचवीस-तीस वर्षं स्वतःचे पैसे घालतो आणि दरातून वसूल करतो. मधला एक साचा सेनेगलमध्ये १९९६ पासून वापरला गेला: जलवाहिन्या आणि केंद्रं सरकारी कंपनीच्या मालकीची, मोठी गुंतवणूकही तिचीच; रोजचं चालवणं आणि वसुली खासगी कंपनीकडे. ग्राहक जो दर भरतो आणि कंपनीला प्रत्येक घनमीटरमागे जे मिळतं, ते दोन वेगळे आकडे. दर ठरवण्याचा अधिकार सरकारकडे राहिला आणि गळती कमी करण्यात कंपनीचा फायदा राहिला. २०२० मध्ये तिथे चालक कंपनी बदलली. मालमत्ता सरकारच्या नावावर होती म्हणून ते शक्य झालं.

याच्या उलट टोकाला बोलिव्हियातलं कोचाबांबा. १९९९ साली पाण्याचा ४० वर्षांचा सवलत करार झाला, निविदेला एकच गट आलेला. मोठ्या धरणप्रकल्पाचा खर्चही त्याच दरांतून काढायचा होता. आधीपासून स्वतःच्या विहिरी आणि सहकारी पाणीयोजना चालवणाऱ्या वस्त्यांना आपलं पाणीही जाणार अशी भीती वाटली, आणि करारातल्या व सोबतच्या कायद्यातल्या एकाधिकाराच्या तरतुदी पाहता ती बिनबुडाची नव्हती. २००० च्या जानेवारीत वाढीव बिलं आली, माणसं रस्त्यावर उतरली, एप्रिलमध्ये करार रद्द झाला. दरवाढीआधी सेवेत काहीच सुधारणा दिसली नव्हती. क्रम एवढा एक जरी उलटा असता, तरी कदाचित चित्र वेगळं दिसलं असतं.

आणि लेसोथो. राजधानी मासेरूमध्ये २०११ मध्ये भागीदारीतून बांधलेलं मोठं रुग्णालय सुरू झालं. इमारत उत्तम, उपचार आधीपेक्षा चांगले. पण वार्षिक शुल्क दरवर्षी वाढणारं, आणि ठरल्यापेक्षा जास्त रुग्ण आले की वर जादा बिल. २०१४ मध्ये ऑक्सफॅम या आंतरराष्ट्रीय स्वयंसेवी संस्थेने म्हटलं की देशाच्या आरोग्य अंदाजपत्रकातला निम्मा वाटा या एका रुग्णालयावर जातोय. आकड्यावर वाद झाला, पण बोजा जड आहे हे कोणी फारसं नाकारलं नाही. २०२१ मध्ये सरकारने करार मुदतीआधी संपवला. गावोगावच्या दवाखान्यांचे पैसे राजधानीतल्या करारात अडकून पडणं, हा असा दोष आहे जो कराराच्या आत कुठेच दिसत नाही.

म्हणून सहीच्या आधी एक गणित स्वतः करा, सल्लागाराकडून करून घेऊ नका. रुग्ण किंवा ग्राहक अंदाजापेक्षा दीडपट आले तर देयक किती? निम्मे आले तर किती? चलन घसरलं तर? ही तीन उत्तरं एका पानावर लिहून अर्थखात्याच्या अधिकाऱ्याची त्यावर सही घ्या. तो सही करायला कचरला, तर करार अजून तयार झालेला नाही असं समजा.

पाचवी पायरी: काय मोजायचं ते असं लिहा की भांडण होणार नाही

हे काम रुक्ष आहे, पण अर्धे वाद इथेच टळतात, म्हणून जरा थांबून बघू.

समजा मसुद्यात लिहिलंय: "भागीदार पाणीपुरवठ्यात लक्षणीय सुधारणा करील." लक्षणीय म्हणजे काय, हे दोन वर्षांनी लवाद ठरवणार. त्याऐवजी कोणी लिहितं: "दररोज किमान चार तास पाणी." बरं आहे, पण अपुरं. चार तास कुठे मोजायचे? टाकीच्या तोंडाशी मोजले तर चार तास भरतात आणि टेकडावरच्या घराला अर्धा तासही मिळत नाही. दाब किती? मोजणार कोण? वीज गेली तर? मग वाक्य असं होतं:

"प्रत्येक विभागातल्या सर्वांत उंच आणि सर्वांत दूरच्या अशा दोन ठरलेल्या तोट्यांवर, दोन्ही पक्षांच्या प्रतिनिधींनी महिन्यातून दोनदा, आगाऊ न कळवता, पाणी सुरू आणि बंद झाल्याची वेळ व बादली भरायला लागलेले सेकंद नोंदवायचे. दोन तासांपेक्षा जास्त वीज गेलेला दिवस वगळायचा. मात्र वीज गेल्याची नोंद वीज कंपनीच्या कागदाने सिद्ध करायची."

वाक्य देखणं नाही. पण बादली आणि घड्याळ घेऊन कोणीही ते तपासू शकतो, आणि तपासणाऱ्याला भागीदाराच्या संगणकावर अवलंबून राहावं लागत नाही.

अशी मोजमापं पाच-सहाच ठेवा. मी चाळीस निर्देशांकांचे करार पाहिलेत. त्यात एकोणचाळीस हिरवे असतात आणि लोक ज्या एकासाठी रांगेत उभे असतात तो लाल. काम सुरू होण्याआधीची स्थिती याच पद्धतीने मोजून, दोन्ही बाजूंच्या सह्या घेऊन ठेवा. ती नसेल तर वर्षभराने सुधारणा झाली की नाही यावर नुसती मतं उरतात.

मोजमाप निवडताना एक वाकडी नजरही हवी: हा आकडा सेवा न सुधारता कसा गाठता येईल? लसीकरणाच्या मात्रांवर पैसे दिले तर जवळच्या वस्तीतच पुन्हा पुन्हा शिबिरं होतील. वर्गातल्या पटाला कमाल मर्यादा घातली तर जास्तीची मुलं दुसऱ्या शाळेत ढकलली जातील. हे कल्पनेतलं नाही. लायबेरियाने २०१६ मध्ये ९३ सरकारी शाळा आठ संस्थांकडे चालवायला दिल्या. मुलांच्या शिकण्यात खरी सुधारणा झाली, ती काटेकोर अभ्यासातून दिसली. पण एका संस्थेने पटाची मर्यादा लावून मुलं बाहेर पाठवली आणि बरेचसे जुने शिक्षकही काढले. ते शिक्षक गेले कुठे? उरलेल्या सरकारी व्यवस्थेतच. शाळेच्या कुंपणाआतलं यश मोजताना कुंपणाबाहेर काय टाकलं गेलं तेही मोजायचं असतं.

सहावी पायरी: पैसे वेळेवर द्या

मथळ्यातच सगळं आलं. तरी सांगतो, कारण भागीदारी मोडण्याचं सर्वांत सामान्य आणि सर्वांत कमी बोललं जाणारं कारण हेच आहे. देयक सादर होतं, त्यावर शंका निघते, फाइल परत येते, आर्थिक वर्ष संपतं, तरतूद परत जाते. मोठी कंपनी व्याज लावून निभावते आणि पुढच्या निविदेत तो धोका दरात धरते. छोटी संस्था कर्मचाऱ्यांचे पगार थांबवते, आणि सगळ्यात आधी चांगली माणसं सोडून जातात. बाहेर मात्र "संस्थेची कामगिरी ढासळली" एवढंच दिसतं.

काय करता येईल: तीन महिन्यांच्या खर्चाइतकी रक्कम वेगळ्या खात्यात आगाऊ ठेवा. देयक तपासण्याची मुदत लिहा आणि मुदतीत हरकत न आल्यास वादातीत भाग आपोआप द्यायचा असं कलम घाला. दंडाचं कलम दोन्ही बाजूंना लागू करा. हे शेवटचं कलम सरकारी बाजूकडून सहसा खोडलं जातं. ते टिकलं तर समजा, समोरचं खातं खरंच गंभीर आहे.

सातवी पायरी: खालच्या फळीला विश्वासात घ्या

करार वर होतो आणि काम खाली होतं. मीटर वाचणारा, परिचारिका, शाळेचा शिपाई, पंपचालक यांना भागीदारीची बातमी बहुधा कुजबुजीतून कळते: आता कंपनी येणार, आपली नोकरी जाणार. त्यानंतर चावी हरवते, रजिस्टर सापडत नाही, जुना नकाशा "साहेबांकडे होता". याला तोडफोड म्हणायचं की स्वसंरक्षण, हे तुम्ही कुठे बसलात त्यावर आहे. सहीच्या आधीच त्यांच्याशी बोला. कोणाची नोकरी राहणार, कोणाची बदली होणार, नवा भागीदार कोणाला काय सूचना देऊ शकेल हे लेखी द्या. आणि सुधारणेतून वाचलेल्या पैशाचा एक हिस्सा त्यांच्यापर्यंत पोहोचू द्या. नॉम पेन्हमध्ये कारभार सुधारला तसे पगारही वाढले, हे विसरू नका.

आठवी पायरी: महिन्याची बैठक

सुकाणू समिती नेमली जाते, तिचे अध्यक्ष इतके मोठे असतात की बैठक सहा महिने लागत नाही. तिच्याखाली एक छोटा गट ठेवा: दोन्ही बाजूंचे प्रत्यक्ष काम करणारे चार-पाच जण, दर महिन्याला ठरलेल्या दिवशी, शक्यतो सेवा जिथे दिली जाते त्या ठिकाणी. तिथे फक्त तीन गोष्टी: मागच्या इतिवृत्तातलं काय झालं नाही, या महिन्याचे आकडे, लोकांच्या तक्रारी. इतिवृत्त एकाच पानाचं, प्रत्येक कामापुढे माणसाचं नाव आणि तारीख. "संबंधितांनी कार्यवाही करावी" हे वाक्य बंद. संबंधित नावाचा माणूस कुठल्याच कार्यालयात नोकरीला नसतो.

एकाहून जास्त देणगीदार असतील तर त्यांना एकच अहवाल पुरेल असं सुरुवातीलाच मनवा. मदत देणारे आणि घेणारे देश २००५ मध्ये पॅरिसमध्ये जमले तेव्हा त्यांनी हेच मान्य केलं होतं: दिशा देशाने ठरवायची, देणगीदारांनी देशाच्याच पद्धती वापरायच्या आणि आपापसात मेळ राखायचा. जाहीरनामा उत्तम होता. प्रत्यक्षात आजही एकच आरोग्य अधिकारी चार देणगीदारांसाठी चार वेगळे तक्ते भरताना दिसतो. ते तक्ते भरण्यात जाणारे त्याचे दिवस कुठल्याच प्रकल्पाच्या खर्चात धरलेले नसतात.

लोकांचा आवाज या बैठकीत कसा आणायचा? तक्रारपेटी पुरत नाही, कारण तक्रार करणारे आणि त्रास सोसणारे नेहमी एकच नसतात. बंगळुरूत १९९४ मध्ये एका नागरी संस्थेने शहरवासीयांना निरनिराळ्या सरकारी सेवांबद्दल पद्धतशीर प्रश्न विचारले आणि खात्यांना चक्क प्रगतिपुस्तक दिलं. गुण वाईट होते, वर्तमानपत्रांत छापून आले. १९९९ आणि २००३ मध्ये पुन्हा तेच केलं. एकदाच विचारलं असतं तर ती बातमी ठरली असती. तीनदा विचारल्यामुळे खात्यांना आपले मागचे गुण दिसू लागले. भागीदारीतही हेच करा: वर्षातून एकदा, तेच प्रश्न, त्याच पद्धतीने, आणि निकाल दोन्ही पक्षांनी एकत्र जाहीर करायचा.

नववी पायरी: शेवटचा दिवस

हे कलम शेवटी येतं म्हणून शेवटी लिहू नका. माझं चाललं तर मी मसुद्याची सुरुवातच इथून करीन.

करार दोन प्रकारे संपतो: मुदत भरून किंवा मोडून. मोडण्याचं उदाहरण टांझानियातल्या दार-ए-सलामचं. २००३ मध्ये शहराचं पाणी दहा वर्षांसाठी खासगी कंपनीकडे दिलं, २००५ मध्ये सरकारने करार रद्द केला. एक नवी सरकारी कंपनी लगोलग उभी करून कारभार तिच्याकडे सोपवला आणि आंतरराष्ट्रीय लवादात प्रकरण पुढे वर्षानुवर्षं चाललं. भांडण चालू असतानाही पाणी सोडावंच लागतं. म्हणून करारात लिहून ठेवा की वाद कितीही पेटला तरी अमुक इतके महिने सेवा चालू ठेवायची, तिचे पैसे द्यायचे, आणि या काळात कागदपत्रं व चाव्या कोणाकडे असतील.

दुसरी तऱ्हा म्हणजे पैसा अचानक आटणं. अफगाणिस्तानात २००३ पासून मूलभूत आरोग्यसेवा मुख्यतः स्वयंसेवी संस्थांमार्फत, देणगीदारांच्या पैशावर चालत होती आणि बालमृत्यू व मातामृत्यूंच्या बाबतीत तिने चांगलं काम केलं. ऑगस्ट २०२१ मध्ये सत्ता बदलली, निधी थांबला आणि दोन हजारांहून अधिक आरोग्य केंद्रांचं भवितव्य एका झटक्यात टांगणीला लागलं. अशा उलथापालथीची पूर्वतयारी कुठलंही कलम करू शकत नाही, हे मान्य. पण देणगीचा भार टप्प्याटप्प्याने उतरवण्याची सवय लावता येते. लसींसाठी २००० साली सुरू झालेल्या ‘गावी’ (Gavi) या आंतरराष्ट्रीय आघाडीत गरीब देशही लसीच्या खर्चातला थोडा वाटा स्वतः उचलतात आणि उत्पन्न वाढेल तसा तो वाटा वाढत जातो. रक्कम सुरुवातीला छोटी असते, पण अर्थखात्याच्या अंदाजपत्रकात लसींची ओळ पहिल्या वर्षापासून असते. नवं लेखाशीर्ष, म्हणजे अंदाजपत्रकात नवी ओळ, उघडण्यापेक्षा असलेल्या लेखाशीर्षातली रक्कम वाढवून घेणं किती सोपं, हे कुठल्याही लेखा लिपिकाला विचारा.

एक माझा अनुभव. एका खात्याच्या रुग्णनोंदी ठेवणाऱ्या संगणकप्रणालीचा करार संपत आला होता. भागीदाराने काम नेटकं केलं होतं, अहवाल जाड होता, सगळीकडे "पूर्ण" असा शेरा. मी सहज विचारलं की मुख्य पासवर्ड कोणाकडे आहे. खात्याच्या अधिकाऱ्याने भागीदाराकडे पाहिलं, भागीदाराने आपल्या तंत्रज्ञाकडे. तंत्रज्ञ म्हणाला, तो जुन्या सहकाऱ्याच्या नावावर आहे, त्याने नोकरी सोडून आठ महिने झाले. सुदैवाने माणूस भला होता, फोनवर मिळाला. पाच वर्षांच्या नोंदी त्या एका फोनवर लटकल्या होत्या.

तेव्हापासून मी एक आग्रह धरतो. मुदत संपायच्या एक वर्ष आधी, पंधरा दिवसांसाठी भागीदाराच्या सगळ्या माणसांना बाजूला बसवायचं. त्यांनी इमारतीत थांबायचं, पण कशालाही हात लावायचा नाही आणि विचारल्याशिवाय बोलायचं नाही. सरकारी कर्मचाऱ्यांनी एकट्याने सेवा चालवायची. कोपऱ्यात एक वही ठेवायची आणि ज्या ज्या वेळी भागीदाराला विचारावं लागलं, ते तारीख-वेळेसह तिच्यात लिहायचं: सुट्या भागाचा पुरवठादार कोण, जनरेटरचं तेल कधी बदलायचं, महिनाअखेरचा तक्ता कुठल्या फाइलीतून निघतो, गेटची दुसरी चावी. उरलेल्या वर्षाचा कामाचा आराखडा म्हणजे ही वही. आणि पंधरा दिवसांत ती कोरी राहिली, तर कोणीतरी गुपचूप मदत केली आहे. पुन्हा पंधरा दिवस करा.